आईच्या ट्रंकेतला वाळा आणि लव्हेंडरची बाटली : मन शांत होण्यासाठी सुगंधी तेलांचा कितपत उपयोग होतो?

निशिगंध, नाशिक

नमस्कार. माझ्या आईला जाऊन पाच महिने झाले. दिवसा शाळेत शिकवताना मी ठीक असते, परंतु रात्री दोन-अडीचच्या सुमारास जाग येते, छातीवर दडपण आल्यासारखे वाटते आणि पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. माझी ही अवस्था पाहून एका मैत्रिणीने मोठ्या मायेने मला अरोमाथेरपीचा एक संच आणून दिला. त्यात तेलाचा सुगंध हवेत पसरवणारा, विजेवर चालणारा डिफ्यूझर आहे आणि लव्हेंडर, बर्गमॉट (एक लिंबूवर्गीय फळ), निलगिरी, पेपरमिंट, टी ट्री व चंदन अशा सहा लहान बाटल्या आहेत. ज्या बाईंनी हा संच विकला, त्यांनी असेही सांगितले की लव्हेंडरचे दोन थेंब रोज रात्री कोमट पाण्यातून पोटात घेतले तर दुःख हलके होते आणि डॉक्टरांकडे जाण्याची गरज उरत नाही. पोटात घेण्याचे धाडस मला झाले नाही. डिफ्यूझर मात्र तीन रात्री लावला. तिन्ही रात्री कपाळ जड होऊन डोके दुखू लागले, आणि सगळ्या जगाला शांत करणारा सुगंध मलाच का सोसत नाही, असा प्रश्न पडला.

त्यानंतर गेल्या रविवारी आईची ट्रंक उघडली. तिच्या नऊवारी लुगड्यांच्या घड्यांमध्ये, जुन्या पातळाच्या चिंधीत गुंडाळलेली वाळ्याची जुडी होती. मुळ्या अगदी कोरड्या पडल्या होत्या आणि नाकाशी धरूनही फारसा वास येत नव्हता. सहज म्हणून ओल्या हाताने ती जुडी दाबली, तर क्षणभरात आमच्या जुन्या घरातल्या माजघराचा, उन्हाळ्यातल्या माठाचा आणि आईच्या पदराचा वास एकदमच आला. मी तिथेच फरशीवर बसले. किती वेळ बसले ते सांगता येणार नाही, परंतु उठले तेव्हा श्वास मोकळा झालेला होता.

म्हणून विचारते. सुगंधाचा मनावर होणारा हा परिणाम खरा असतो, की तो केवळ आपल्या समजुतीचा भाग असतो? खरा असेल, तर लव्हेंडरने जे झाले नाही ते वाळ्याने कसे झाले? आणि ही तेले घरात वापरायचीच झाली, तर काय सांभाळावे? आमच्या घरात साडेतीन वर्षांची मुलगी आहे, तिला गेल्या वर्षी तापात एकदा झटका आला होता. सासऱ्यांना दमा आहे. शिवाय एक मांजर आहे, जे रात्री माझ्याच पायाशी झोपते.

---

रोशा, शहादा

ताई, आपल्या आईंना नमस्कार. माझे आजोबा आणि वडील सातपुड्याच्या पायथ्याशी रोशा गवताचे तेल काढीत असत, आणि मीही एक छोटी भट्टी चालवतो. मनाच्या शास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाही. बाटलीत काय असते, एवढे मात्र मी सांगू शकतो, आणि तुमच्या डोकेदुखीचे किमान एक कारण तिथे सापडण्याची शक्यता आहे.

पावसाळा सरला की गवत फुलोऱ्यावर येते. ते कापून, थोडे सुकवून भट्टीच्या भांड्यात दाबून भरतात आणि खालून वाफ सोडतात. वाफेबरोबर पात्यांतले आणि फुलोऱ्यातले तेल उडते, थंड पाण्यातून नेलेल्या नळीत त्या वाफेचे पुन्हा पाणी होते आणि त्या पाण्यावर पिवळसर तेलाचा पातळ थर तरंगू लागतो. ताज्या तेलाला एक कच्चा, उकडलेल्या पाल्यासारखा दर्प असतो. काही आठवडे बंद भांड्यात मुरल्यावरच त्यातला गुलाबासारखा गोडवा पुढे येतो. हा गोडवा जिरॅनिऑल या द्रव्याचा असतो. याच साधर्म्यामुळे एके काळी खानदेशातले हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानकडे जात असे आणि तिथे गुलाबतेलात मिसळले जात असे. सुगंधाच्या व्यापारात भेसळ किती जुनी आहे, हे आमच्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, आणि म्हणूनच बाटलीवरच्या शब्दांकडे मी फार बारकाईने पाहतो.

तुमच्या लव्हेंडरच्या बाटलीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव छापले आहे का, ते कृपया पाहा. खऱ्या लव्हेंडरचे नाव लॅव्हेंड्युला अँगस्टिफोलिया असे असते. त्याच्या तेलात लिनॅलूल आणि लिनॅलिल ॲसिटेट ही मृदू गंधाची द्रव्ये प्रामुख्याने असतात आणि कापूर नाममात्र असतो. लॅव्हेंडिन नावाची एक संकरित जात आहे. तिचे उत्पन्न पुष्कळ निघते, म्हणून ती स्वस्त पडते, परंतु तिच्या तेलात कापराचे प्रमाण बरेच जास्त असते आणि वास उग्र, नाकात चढणारा असतो. बाजारात दोन्ही ‘लव्हेंडर’ या एकाच नावाने विकली जातात. तिसरा प्रकार म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेले लिनॅलूल एखाद्या द्रावकात मिसळून भरलेली बाटली. जम्मू विभागातल्या भद्रवाहच्या परिसरात आता शेतकरी चांगले लव्हेंडर पिकवतात, जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेने त्यांना रोपे आणि भट्ट्या पुरवल्या आहेत. त्यामुळे अस्सल तेल आपल्या देशात मिळत नाही असे मुळीच नाही.

किमतीवरूनही अंदाज बांधता येतो. एक किलो गुलाबतेलासाठी तीन ते चार हजार किलो फुले लागतात. तेव्हा तीनशे रुपयांत 10 मिलिलिटर ‘शुद्ध गुलाबतेल’ कोणी देत असेल, तर ते गुलाबाचे नाही. चंदनाचेही तसेच आहे. सगळ्या सहा बाटल्यांची किंमत सारखीच असेल, तर त्यातले चंदन चंदन नव्हे, असे मी डोळे मिटून म्हणेन. ‘थेरप्यूटिक ग्रेड’, म्हणजे औषधी दर्जाचे, अशी अक्षरे पाहून भुलू नका. असा दर्जा देणारी कोणतीही सरकारी संस्था अस्तित्वात नाही, ते विक्रेत्यांनी स्वतःच स्वतःला दिलेले प्रशस्तिपत्र आहे.

---

बाराखडी, नागपूर

मी बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून इतर सर्व गोष्टींच्या आधी मुलीविषयी लिहिते. संचातली निलगिरीची बाटली आजच कुलपात ठेवा. घरात कापूर असेल, तर तोही तिच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. तापात एखादा झटका आलेल्या बहुतेक मुलांना पुढे अपस्मार, म्हणजे फेफरे, होत नाही, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. तथापि निलगिरीतले सिनिऑल आणि कापूर ही दोन्ही द्रव्ये मेंदूला उत्तेजित करून झटका आणू शकतात, हे निश्चित आहे. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील मेंदूविकारतज्ज्ञांनी इतर रुग्णालयांच्या साहाय्याने अशा रुग्णांचा पद्धतशीर अभ्यास केला आहे. निलगिरी आणि कापूर असलेले तेल किंवा बाम लावल्यानंतर अथवा हुंगल्यानंतर प्रौढांनाही झटके आल्याचे त्यांना आढळले. ज्यांनी कारण ओळखून ती वस्तू सोडली, त्यांपैकी बहुतेकांना पुन्हा झटके आले नाहीत.

पोटात जाणे त्याहून गंभीर आहे. लहान बालकाच्या बाबतीत एक ग्रॅमच्या आसपास कापूरही जीवघेणा ठरलेला आहे, आणि निलगिरीचे तेल चहाच्या चमचाभर पोटात गेले तरी मूल गुंगीत जाऊ शकते. कोरोनाच्या काळात कापूर, ओवा आणि लवंग यांची पोटली मुलांच्या गळ्यात बांधण्याची जी पद्धत पडली, ती अजूनही अनेक घरांत चालू आहे. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक आईला मी ती काढून टाकायला सांगते, कारण दोन वर्षांचे मूल गळ्यातली वस्तू तोंडात घालतेच. चुकून तेल पोटात गेले, तर उलटी करवू नये. उलटीतले तेल फुप्फुसात उतरले, तर दुखणे अधिक वाढते. बाटली बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठावे.

आता तुमच्या दोन थेंबांविषयी. ते घेतले नाहीत, हे फार चांगले केले. तेल पाण्यात विरघळत नाही, थेंब तसाच तरंगतो आणि ओठ, जीभ व अन्ननलिका यांना त्याच संहत रूपात लागतो. त्वचेवरही निखळ तेल लावू नये. तिळाच्या किंवा खोबरेल तेलाच्या 30 मिलिलिटरमध्ये सहा थेंब घातले, तर साधारण एक टक्का प्रमाण होते, प्रौढांना तेवढे पुरे. बर्गमॉट लावून उन्हात गेल्यास कातडी भाजल्यासारखी काळवंडू शकते, म्हणून ते लावूच नका. सासऱ्यांच्या दम्याचा विचार करता बंद खोलीत रात्रभर डिफ्यूझर चालवणे मला मान्य नाही. अस्सल असो वा कृत्रिम, उग्र सुगंधाने श्वासनलिका आकसणारे अनेक रुग्ण असतात. मांजराच्या यकृतात ही द्रव्ये निकामी करणारी एक प्रक्रिया फारच दुबळी असते. हवेतला तुषार अंगावर बसतो, मांजर अंग चाटते आणि विष पोटात जाते. टी ट्री तर मांजरासाठी विशेष घातक आहे.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. 2021 मध्ये अमेरिकेत चार जणांना मेलिऑइडोसिस नावाचा दुर्मीळ संसर्ग झाला आणि त्यांपैकी दोघे दगावले. शोध घेतल्यावर तो जंतू लव्हेंडर आणि कॅमोमाइलच्या एका सुगंधी फवाऱ्याच्या बाटलीत सापडला, आणि तो फवारा भारतात तयार झालेला होता. सुगंधी आहे म्हणजे निर्जंतुक आहे, असे समजू नये. डिफ्यूझर वापरलाच, तर त्यातले पाणी रोज ओतून टाकावे आणि भांडे पुसून कोरडे करावे.

---

ओसरी, ठाणे

मी समुपदेशक आहे आणि शोकात असलेल्या माणसांबरोबर बरीच वर्षे काम करते आहे. निशिगंधताई, तुमच्या पत्रातला ओल्या हाताने जुडी दाबल्याचा प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचला. तुमच्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी त्या प्रसंगातच आहे, असे मला वाटते.

दिसणे, ऐकणे, स्पर्श या संवेदना मेंदूच्या थॅलॅमस नावाच्या चौकीतून पुढे जातात. गंधाची वाट वेगळी आहे. नाकाच्या वरच्या भागातून निघालेले संदेश गंधकंदात पोहोचतात आणि तिथून फार थोड्या टप्प्यांत अमिग्डाला व हिपोकॅम्पस यांच्यापर्यंत, म्हणजे भावना आणि स्मृती घडवणाऱ्या भागांपर्यंत, जातात. त्यामुळे गंध कशाचा आहे हे शब्दांत येण्याआधीच डोळे भरून येतात. म्हणजे परिणाम खरा आहे. परंतु तो परिणाम पुष्कळदा तेलातल्या द्रव्यापेक्षा त्या गंधाशी आपल्या आयुष्यात काय जोडले गेले आहे, यावर अवलंबून असतो. फ्रान्सच्या दक्षिणेकडे वाढलेल्या मुलीच्या आजीच्या कपाटात लव्हेंडरच्या पुरचुंड्या असतात, तिला त्या वासाने घर आठवते. तुमच्या आईच्या ट्रंकेत वाळा होता. लव्हेंडर सोसले नाही, यात तुमचे काहीही उणे नाही.

द्रव्याचा स्वतंत्र परिणाम मुळीच नसतो, असेही मी म्हणणार नाही. जर्मनीत लव्हेंडर तेलाची 80 मिलिग्रॅमची प्रमाणित कॅप्सूल चिंतेच्या विकारावर तपासली गेली आहे आणि नियंत्रित चाचण्यांत ती रिकाम्या कॅप्सूलपेक्षा प्रभावी ठरली आहे. पण ते मोजून-मापून केलेले औषध आहे, डिफ्यूझरच्या बाटलीतले थेंब म्हणजे ती कॅप्सूल नव्हे. हुंगण्याच्या बाबतीत चित्र संमिश्र आहे. 2008 साली अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी लिंबू आणि लव्हेंडर यांची तुलना केली, तेव्हा लिंबाच्या वासाने मनःस्थिती काहीशी सुधारली, लव्हेंडरने तसे झाले नाही, आणि प्रतिकारशक्ती किंवा वेदना यांवर दोघांचाही उपयोग दिसला नाही. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची अस्वस्थता मेलिसा या पुदिन्याच्या कुळातल्या वनस्पतीच्या तेलाने कमी होते, असे एका लहान चाचणीत आढळले होते, परंतु 2011 मध्ये अधिक काटेकोरपणे केलेल्या चाचणीत ते साध्या तेलापेक्षा सरस ठरले नाही. ‘अरोमाथेरपी’ हा शब्द रूढ करणारे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रने-मोरीस गातफॉसे यांनी 1937 साली त्याच नावाचे पुस्तक लिहिले. त्यांचा भर तेलांच्या जंतुनाशक आणि जखमा भरून काढणाऱ्या गुणांवर अधिक होता. दुःख धुऊन काढण्याची आश्वासने नंतरच्या बाजारातली आहेत.

आता करायचे काय? वाळ्याची जुडी रात्रभर उशाशी ठेवू नका. सतत येणारा वास नाक काही मिनिटांत विसरते, आणि दुःखाच्या प्रत्येक क्षणी तोच गंध घेतला तर काही आठवड्यांनी तो माजघराचा न राहता जागरणाचा होऊन बसेल, अशी मला काळजी वाटते. संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास, मुलगी खेळत असताना, पाच मिनिटे शांत बसा. जुडीवर थोडे पाणी शिंपडा, श्वास सावकाश सोडा आणि आईविषयी जे आठवेल ते आठवू द्या. रडू आले तर येऊ द्या. शोकात रडण्याला निश्चित जागा आणि वेळ मिळाली, की मध्यरात्रीची अवेळ पुष्कळदा आपोआप सैल होते, असा माझा अनुभव आहे.

परंतु पाच महिन्यांनंतरही बहुतेक रात्री झोप मोडत असेल, जेवण तुटले असेल, किंवा जगू नये असे कधी मनात आले असेल, तर त्यावर सुगंध हा उपाय नाही. आपल्या डॉक्टरांशी किंवा मनोविकारतज्ज्ञांशी बोला. छातीवरच्या दडपणाचीही एकदा शारीरिक तपासणी करून घ्या, ते शोकाचेच आहे असे आपण गृहीत धरू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनाशुल्क उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. रात्री अडीच वाजता कोणाला उठवायचे, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी ती आहे.

---

बकुळी, डोंबिवली

या चर्चेत माझा थोडा वेगळा अनुभव नोंदवते. 2021 च्या एप्रिलमध्ये कोरोनाने माझी वास घेण्याची शक्ती गेली आणि ती सात महिने आली नाही. फोडणीचा वास नाही, पहिल्या पावसाचा नाही, तान्ह्या भाच्याच्या टाळूचा नाही. मी उदास का झाले आहे, हे घरात कोणालाही कळत नव्हते, कारण वरवर पाहता मी बरी झाले होते. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी गंधाचा सराव करायला सांगितला. ही पद्धत जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे प्राध्यापक थॉमस हुमेल यांनी 2009 मध्ये मांडली. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी असे चार गंध सकाळ-संध्याकाळ काही सेकंद हुंगायचे आणि निदान बारा आठवडे नेम सोडायचा नाही. हुंगताना त्या वस्तूची आठवण मनात आणायची, असे मला डॉक्टरांनी बजावले होते. लवंगेच्या वेळी मी नेहमी माहेरच्या मसालेभाताचे पातेले डोळ्यांसमोर आणत असे. दहाव्या आठवड्यात एके सकाळी लवंगेचा अगदी पुसट, जळका वास आला आणि मी ओट्याला धरून रडले. आठवण आणि गंध यांचे नाते किती घट्ट आहे, हे मला त्या दिवशी समजले. ओसरीताईंनी लिहिले आहे ते मला शब्दशः पटते.

---

निशिगंध, नाशिक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बाटली पाहिली. तिच्यावर फक्त ‘लव्हेंडर ऑइल’ असे छापलेले आहे, शास्त्रीय नाव कुठेही नाही, आणि सहाही बाटल्यांची किंमत खरोखरच सारखी आहे. निलगिरी आणि टी ट्री घराबाहेर काढल्या आहेत. कपाटाच्या खालच्या कप्प्यातला कापराचा डबा आता देवघराच्या वरच्या फळीवर गेला आहे. तो इतके दिवस मुलीच्या हाताच्या उंचीवर होता, या विचाराने अजूनही धस्स होते. मैत्रिणीला सगळे सविस्तर सांगितले, आणि तिने राग न मानता स्वतःच्या घरातला डिफ्यूझरही बंद केला.

गेले नऊ दिवस मी संध्याकाळी जुडीवर पाणी शिंपडून बसते. चौथ्या दिवशी मुलगी जवळ आली, जुडी हुंगून म्हणाली, “आजीच्या माठाचा वास.” ती दोन वर्षांची असताना शेवटची आजोळी गेली होती, तरी तिला तो वास आठवत होता. आईच्या मृत्यूनंतर त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा मुलीशी आईविषयी बोलले. झोप अजून मोडते, परंतु गेल्या तीन रात्री जाग आल्यानंतर तासाभरात पुन्हा लागली. डॉक्टरांची वेळ येत्या गुरुवारची घेतली आहे.

रोशादादा, आता एकच विचारायचे आहे. जुडी फार जुनी आहे आणि रोज भिजवल्याने तिच्या मुळ्या तुटू लागल्या आहेत. त्याऐवजी वाळ्याचे तेल आणावे का?

---

रोशा, शहादा

ताई, आईंची जुडी आता पूर्ण वाळवून, सुती कापडात बांधून परत ट्रंकेत ठेवा. ओलसर ठेवली तर बुरशी धरेल. रोजच्यासाठी पूजेचे साहित्य किंवा जडीबुटी विकणाऱ्याकडून नव्या मुळ्या आणा. घेताना एक मूळ मोडून, ओल्या बोटांत चुरडून पाहा. मातीसारखा गोडसर वास आला पाहिजे, नुसता कुबट आला तर तो माल जुना आहे.

तेल घ्यायचेच असेल, तर कनौजकडचे पाहा. तिथे अजून तांब्याच्या देगेत वाळा आसवतात, आणि त्या तांब्यामुळे तेलाला हिरवट छटा येते, या तेलाला तिथले लोक रूह खस म्हणतात. हे तेल मधासारखे दाट असते आणि फार सावकाश उडते, म्हणून डिफ्यूझरची काहीच गरज नाही. कापसाच्या बोळ्यावर एक थेंब घालून तो झाकणाच्या डबीत ठेवा, आठवडाभर पुरेल. डबी संध्याकाळी उघडा, नंतर झाकण लावून मुलीच्या आणि मांजराच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. परंतु माझे ऐकाल, तर आधी मुळ्याच आणा. पुढच्या चैत्रात त्यांतल्या दोन स्वच्छ धुऊन माठात टाका, म्हणजे मुलीलाही ते पाणी पिता येईल.